ब्रुनोच्या क्यूची चकाकी

१

नेव्हियो ब्लेचिच सकाळी दुकान उघडलं की आधी हात धुवायचा, मग कॉफी प्यायचा आणि मग पुन्हा हात धुवायचा. चाळीस वर्षं लाकडाला पॉलिश केल्यावर बोटांचा तेलकटपणा माणसाला आपोआप जाणवतो. रिएका बंदराच्या गोदीत असताना त्याने जहाजांच्या केबिनी चमकवल्या होत्या. तिथलं सुतारखातं बंद पडल्यावर त्याने राहत्या घराच्या तळमजल्यावर, चढाच्या गल्लीत, हे एका खोलीचं दुकान टाकलं. खुर्च्या यायच्या, कपाटं यायची, पण त्याचं नाव झालं ते बिलियर्ड खेळायच्या काठ्यांमुळे, क्यूंमुळे. क्लबात कुणाचा क्यू घामाने चिकट झाला, चकाकी उतरून मळकट दिसायला लागला, की बाकीचे म्हणायचे, "ब्लेचिचकडे टाक. आठ दिवसांनी त्यात बघून दाढी करशील."

यंदा मात्र तो दुकान बंद करणार होता. मुलगी, नाद्या, क्रक बेटावर राहायची. सप्टेंबरात तिला मुलगा झाला होता. नेव्हियोची बायको ओंदिना हिने तेव्हापासूनच सामान बांधायला घेतलं होतं. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी जावई गाडी घेऊन येणार आणि दोघं कायमची तिकडे जाणार, असं ठरलं होतं.

त्याच्या दोन आठवडे आधी, एका सोमवारी, एर्मिनिया सुपेरिना दुकानात आली. तिने लोकरीच्या घोंगडीत गुंडाळलेली एक लांब वस्तू आणली होती आणि घोंगडी पाच ठिकाणी सुतळीने बांधली होती.

"शियोरा एर्मिनिया! या, बसा ना. ब्रुनोचं कळलं मला. यायला हवं होतं, पण…"

"आला असतास तरी मी दार उघडलं नसतं," म्हातारी म्हणाली. "बसत नाही. हे घे."

एर्मिनियाचा नवरा ब्रुनो सुपेरिना म्हणजे गावातला एके काळचा सगळ्यांत पक्का खेळाडू. अकरा वर्षांपूर्वी त्याने एकाएकी क्लब सोडला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. लोक म्हणाले, गर्व चढला. काही म्हणाले, नजर गेली. सप्टेंबरात तो वारला, तेही चार दिवसांनी कळलं.

"दोन महिने कुणी हात लावला नाही याला," एर्मिनिया म्हणाली. "चकाकी उतरलीय. ती परत आण. आणि वर जितके थर देता येतील तितके दे."

"थर जास्त झाले की पॉलिश तडकतं. तीन पुरे होतात."

"दहा दे."

"आता खेळणार कोण याने?"

"कोणी नाही," ती म्हणाली आणि निघाली. न्यायला कधी येऊ, हेसुद्धा तिने विचारलं नाही.

नेव्हियोने सुतळ्या सोडल्या. काळपट अक्रोडाची मूठ, तीत फिक्या मेपलच्या चार टोकदार पात्या, सुरेख काम. पण हातात घेतल्यावर त्याला चुकल्यासारखं वाटलं. त्याने जाडी मोजून पाहिली. मूठ असायला हवी त्यापेक्षा चांगली पाच मिलिमीटर बारीक होती. खेळून क्यू झिजतो तो पकडायच्या जागी. हा मात्र सगळीकडून सारखा झिजला होता. कुणीतरी वर्षानुवर्षं त्याला नुसता पुसत बसलं होतं.

२

त्याने नेहमीच्या क्रमाने काम केलं. ओल्या फडक्याने मळ काढला. जुनं पॉलिश स्पिरिटने उतरवलं. आधी जाडसर, मग बारीक, मग हाताला कागद लागतोय की कापड ते कळू नये इतका बारीक पॉलिशपेपर मारला. मग चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, सुती कापडाच्या बोळ्याने, तेलाचा थेंब देत देत पहिला हात दिला. लाकूड जागं झालं. अक्रोडाच्या उभ्या रेषा खोल पाण्यातल्या शेवाळासारख्या दिसायला लागल्या.

बुधवारी सकाळी मुठीवर डाग होता. बोटभर लांब, धुरकट, पांढुरका.

त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. बाहेर यूगो वाहत होता. हा दक्षिणेचा वारा सुटला की या गावात भिंतींना घाम फुटतो, मीठ दगड होतं आणि लोक भांडायला लागतात. दमट हवेत लाखेचं पॉलिश पांढरं पडतं, हे नेव्हियो शिकाऊ पोरांना शिकवत आला होता. त्याने बोळ्याला थोडं स्पिरिट लावलं आणि डागावरून अलगद फिरवलं. डाग गेला. दुसरा थर दिला. दुपारी जेवून आला तर डाग त्याच जागी.

गुरुवारी त्याने तिसरा थर दिला, शुक्रवारी चौथा. शुक्रवारी संध्याकाळी भिंग लावून पाहिलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की डाग वरच्या थरावर नाही. वरचे थर काचेसारखे स्वच्छ आहेत. डाग त्यांच्या खाली, लाकडाला चिकटून आहे.

"म्हणजे मीच ओल आत कोंडली," तो स्वतःशी म्हणाला. त्याचा त्याला राग आला. चाळीस वर्षांत त्याने अशी चूक केली नव्हती.

३

सोमवारी वारा फिरला. यूगो पडला आणि उत्तरेकडून बुरा सुटला, कोरडा, झोंबणारा. दुकानातल्या दमटपणाच्या काट्याने पस्तीस दाखवले. या हवेत कुठलंही पॉलिश पांढरं पडत नाही.

नेव्हियोने क्यू खिडकीपाशी टेकवून ठेवला, स्टूल ओढलं आणि बघत बसला. डाग हळूहळू विरत गेला. मूठ लखलखीत झाली. त्याने सुटकेचा श्वास टाकला. आणि डाग परत आला. मधून सुरू होऊन कडेकडे पसरला, क्षणभर थांबला आणि कडेकडून मध्याकडे विरला. मग पुन्हा.

आपल्याच श्वासाने होत असेल म्हणून त्याने तोंडावर रुमाल धरला. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. तिथूनही दिसत होतं. त्याने मनगटावरचं घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला चौदा वेळा.

कातड्याचा तुकडा घेऊन त्याने मूठ घासली. घासता घासता लाकूड कोमट झालं, डागाची ये-जा मंदावली, थांबली. हात काढला. बारा मोजेपर्यंत काही नाही. तेराव्याला पांढरं.

जेवताना ओंदिना बोलत होती, की थंडीचे कोट खोक्यात घालायचे की अंगावर घालून न्यायचे. त्याचं लक्ष नव्हतं. त्याने घाईघाईने मनेश्त्राचं सूप संपवलं आणि उठला.

"अरे, चीज किसलंय अजून तसंच!"

"आलोच. जरा खाली…"

"खाली, खाली! त्या काठीशी लग्न लावलंयस का? माझ्या गालाला आयुष्यात एवढं मेण लावलं नाहीस."

"तुझी चकाकी टिकलीय अजून."

"हो, कारण तू हात लावत नाहीस," ओंदिना म्हणाली आणि आपल्याच विनोदावर खळखळून हसली. जिन्यावरून उतरतानाही ते हसणं त्याला ऐकू येत होतं. एरवी तो परत वर गेला असता. त्या दिवशी त्याने दुकानाचं दार आतून लावून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत घासत बसला. हात दुखला की थांबायचा, बारा मोजायचा, पुन्हा सुरू करायचा. तिसऱ्या दिवशी त्याला समजलं की आपण ओंदिनाशी बोलतानासुद्धा मनात बारा मोजतोय.

४

गुरुवारी तो क्यू घोंगडीत बांधून एर्मिनियाच्या घरी गेला. मासळीबाजाराच्या मागे, चौथा मजला. दाराची पितळी मूठ फडक्यांनी बांधलेली होती. आत गेल्यावर त्याला काही वेळ कळेचना की या घरात काय कमी आहे. मग लक्षात आलं. चमकणारं असं काही नव्हतं. खिडक्यांच्या काचांना आतून चुना फासला होता. टेबलावर घोंगडी, कपाटांवर घोंगड्या. ओट्यावर लाकडी चमचे आणि खरवडून खडबडीत केलेली पातेली. एर्मिनियाच्या बोटातल्या अंगठीवरही दोरा गुंडाळलेला होता.

"परत आणलास?" ती म्हणाली.

"तुम्हाला हे ठाऊक होतं."

"काय?"

"तो डाग. तो हलतो, शियोरा."

म्हातारीला नवल वाटलं नाही. "घासलं की थांबतं ना?"

"थांबतं. पण मी किती…"

"मग घासत राहा."

"शनिवारी मला क्रकला जायचंय. मुलगी आहे तिथे. दोन महिन्यांचा नातू आहे."

नातू म्हटल्याबरोबर एर्मिनियाने डोळे मिटले. "तिथे नेऊ नकोस. आणि इथे नुसतं टाकूनही जाऊ नकोस. ते क्यूवर आहे तोवर बरं. चकाकी असली की ते तिथे राहतं. आमच्याकडे एकदा दुसरीकडे गेलं होतं."

"दुसरीकडे म्हणजे कुठे?"

तिने बोळाच्या टोकाकडे पाहिलं. तिथे एक लहानसं दार होतं. त्याच्यावर घोंगडी खिळ्यांनी ठोकून टाकली होती.

"ब्रुनो अकरा वर्षं घराबाहेर पडला नाही," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, गर्व चढला."

"आहे तरी काय ते? कुणाचं आहे?"

"मी विचारलं नाही. ब्रुनोनेही नाही. विचारून काय करणार होतो?" तिने दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. बोटं वाकडी, सांधे सुजून अक्रोडाएवढे झालेले. "माझे हात आता चालत नाहीत, नेव्हियो. दोन महिने कसं काढलं ते माझं मला माहीत. तुझे हात चांगले आहेत."

तिने त्याला क्यूसकट दाराबाहेर काढलं. ढकललं नाही. आजारी माणसाला धरून न्यावं तसं कोपराला धरून नेलं, आणि आतून कडी घातली.

५

खाली उतरेपर्यंत नेव्हियोचा राग डोक्यात गेला होता. रागाने त्याला जरा शहाणपणाही आला. म्हातारी एकटी राहून भ्रमिष्ट झाली होती, तेवढं सोडलं तर ती एक कामाची गोष्ट बोलली होती. चकाकी असली की ते राहतं. मग चकाकीच नको.

शुक्रवारी सकाळी त्याने क्यू लेथवर चढवला. सगळे थर स्पिरिटने भिजवले, पातीने खरवडले. नंतर जाडा पॉलिशपेपर लावून तो मूठ फिरवत राहिला. पिवळट चुरा पायाशी साचला. खालून कोरडं, निस्तेज, उघडं लाकूड निघालं. शेवटचा लाखेचा पापुद्रा निघाला त्या क्षणी त्याच्या मनगटावर काहीतरी कोमट आलं आणि गेलं. भट्टीवरून वाऱ्याची झुळूक यावी तसं.

तो लेथ बंद करून उभा राहिला. बारा मोजले. पन्नास मोजले. तीनशे मोजले. लाकूड नुसतं लाकूड होतं.

त्याने क्यू फळीवर ठेवला, चुरा झाडला आणि हात दोनदा धुतले. वर गेला तो शीळ घालतच. ओंदिनाने तळलेली सार्दिना मासळी आणि राडिचच्या कडवट पाल्याची कोशिंबीर केली होती. त्याने तीनदा वाढून घेतलं. दुपारभर दोघांनी मिळून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळली. नातवाला आपण काय काय शिकवणार यावर त्याने एवढ्या थापा मारल्या, की ओंदिना म्हणाली, "बिचाऱ्याला आधी मान तरी धरू दे."

गेले दहा दिवस त्याच्या खांद्यात जे घट्ट बसलं होतं ते सुटलं होतं. कितीतरी दिवसांनी तो गाढ झोपला.

६

शनिवारी जावई चारला येणार होता. जेवण झाल्यावर ओंदिना पडली. नेव्हियोने अडीचला तिला उठवायचं कबूल केलं होतं.

तो झोपायच्या खोलीत आला तेव्हा पडदे उघडे होते आणि थंडीतलं स्वच्छ ऊन पलंगावर आलं होतं. पलंगाची उशाकडची पाठ अक्रोडाची. लग्नात त्याने स्वतः बनवून स्वतः पॉलिश केलेली. चौतीस वर्षांनीही तिच्यात खिडकी दिसायची. ओंदिनाच्या डोक्याजवळ तिच्यावर तळहाताएवढं पांढरं आलं आणि विरलं.

तिचाच श्वास, तो स्वतःला म्हणाला. लाकूड गार आहे, श्वास गरम आहे.

पण ओंदिना त्या बाजूला तोंड करून झोपली नव्हती. तिचं तोंड खिडकीकडे होतं.

तो दारातच थांबला. तिने श्वास सोडला. मग घेतला नाही. लाकडावर पांढरं आलं, पसरलं, थांबलं, विरलं. मग तिने घेतला. सोडला. मग पुन्हा लाकडावर. दोघं पाळी लावून श्वास घेत होती. प्रत्येक पाळीला लाकडावरचं पांढरं जरा जास्त वेळ थांबत होतं, आणि ओंदिनाला तेवढी जास्त वाट बघावी लागत होती. तिचे ओठ निळसर दिसायला लागले होते.

"ओंदिना!" त्याने तिला खांद्याला धरून गदागदा हलवलं.

ती दचकून बसली आणि पाण्यातून वर आल्यासारखी हवा घेऊ लागली. "छातीवर… कोणी बसल्यासारखं… काय रे झालं?" तिने चाचपून चष्मा घातला. "पुस रे हा जरा. काही दिसत नाहीये."

चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या होत्या. त्याने तो तिच्या नाकावरून ओढूनच घेतला.

"दार-खिडक्या उघड. बाल्कनीत बस. कशाजवळही बसू नको. मी आलो."

"अरे पण झालंय काय?"

तो जिना उतरत होता.

उघड्या लाकडावर चकाकी आणायला आठ दिवस लागतात. त्याच्यापाशी तासभर होता. पॉलिशपेपर मारायला वेळ नव्हता, तरी त्याने दोन हात मारले. लाखेचा बोळा फिरवला, वाळायची वाट न बघता दुसरा, तिसरा. वरून मेण. मग कातडं घेऊन सगळं अंग झोकून घासायला लागला. वरून ओंदिनाचा खोकला ऐकू येत होता. खोकल्यांमधलं अंतर वाढत होतं. तेच ऐकवत नव्हतं. कातडं इतकं तापलं की बोटांना फोड आले. मूठ अजून मलूलच. आणखी मेण. "ये," तो दात आवळून म्हणत होता. कुणाला म्हणतोय ते त्याला ठाऊक नव्हतं. "ये. इकडे ये. ये ना."

हळूहळू मुठीत खिडकीची चौकट उमटली. मग चौकटीतलं आभाळ. आणि मग त्या आभाळावर, मधोमध, पांढरं.

वर ओंदिनाने एक लांब, खोल श्वास घेतला. बाल्कनी दुकानाच्या बरोबर वर होती. त्याला स्पष्ट ऐकू आलं.

चारला गल्लीत गाडीचा हॉर्न वाजला. जावई, सांद्रो, एकेक खोकं खाली आणू लागला. नेव्हियो खिडकीशी आला, पण डाव्या हाताने मागे क्यू घासतच होता.

"तुम्ही पुढे व्हा. एक काम राहिलंय."

"काय बाबा, आज शनिवार!" सांद्रो हसला.

ओंदिना हसली नाही. ती खिडकीजवळ येऊन त्याच्याकडे बघत राहिली. तिचा रंग परत आला होता. "चौतीस वर्षं तुझं एकच काम राहिलंय," ती म्हणाली. "त्याची मला सवय आहे. पण तुझा चेहरा असा का झालाय?"

"आठवड्याभरात येतो. जा तू. नातू वाट बघतोय."

"त्याला अजून कुणी दिसत नाही नीट," ती म्हणाली, आणि गेली.

७

आठवड्याचे सात आठवडे झाले.

तो पलंग त्याने पोत्यांनी झाकून टाकला. दुकानातलं जेवढं चमकत होतं ते सगळं वर नेऊन कोंडलं. स्टुलाच्या जागी आरामखुर्ची आणली. कातडं पट्ट्याने तळहाताला बांधलं, म्हणजे डुलकी लागली तरी हात मुठीवर पडून राहायचा. मुठीवर नवे थर देत गेला. सहा, सात, नऊ. म्हातारी दहा का म्हणाली ते त्याला आता कळत होतं. थर वाढले की बाराच्या जागी वीस मोजता यायचे. वीस मोजण्यात चूल पेटवता येते, तीस मोजण्यात पाव आणता येतो, तोही बेकरी गल्लीतच असली तर.

ओंदिनाचा फोन यायचा. आधी रागाचा, मग काळजीचा, मग नुसता इकडच्या तिकडच्या गोष्टींचा. बाळ हसलं. बाळाने सांद्रोच्या शर्टावर ओकून ठेवलं. तो उजव्या हाताने घासत, फोन खांद्याशी धरून ऐकायचा. खरं एकदाच सांगायचा प्रयत्न केला. "ओंदिना, त्या दिवशी तू झोपली होतीस ना…" मग म्हणाला, "डॉक्टरांना दाखव छाती."

डिसेंबरात एकदा त्याने क्यू समुद्रात टाकायचं ठरवलं. क्यूची मूठ कोटाच्या आत धरून घासत घासत तो बंदरातल्या लांब धक्क्याच्या टोकापर्यंत गेला. वारा पडलेला होता. ऊन होतं. समोर पाणी पसरलं होतं, सपाट, नुकत्याच दिलेल्या लाखेसारखं, थेट क्रकच्या किनाऱ्यापर्यंत. तो बघत उभा राहिला. मग मूठ पुन्हा कोटात घालून परत आला.

जानेवारीच्या मध्यात एका सकाळी बुऱ्याने गल्लीतल्या पाण्याचा बर्फ केला होता. नेव्हियोने कातडं उचललं आणि सवयीने मोजायला लागला. वीस. तीस. शंभर. पांढरं आलं नाही. त्याने घड्याळ लावलं. पाच मिनिटं झाली. अर्धा तास झाला. मूठ शांत होती. अशी चकाकी त्याने आयुष्यात कुठल्याही लाकडावर आणली नव्हती. नजर आत जात राहायची आणि तळ लागायचा नाही. दोन तासांनी त्याने हाताचा पट्टा सोडला. तळहात पाहून त्याला रडू आलं.

त्याने फोन लावला. "मी येतोय," तो म्हणाला. "आजच."

"येणार म्हणून तू सात वेळा सांगितलंयस," ओंदिना म्हणाली. "हलू नकोस तिथून. मीच येते अकराच्या बसने, कानाला धरून न्यायला."

त्याला ते अडवायचं सुचलंही नाही. त्याने दाढी केली. खिडकी स्वच्छ पुसली. क्यू फळीवर ठेवून दिला आणि आरामखुर्चीत बसून राहिला, हात मांडीवर, नुसते. खोलीत फार शांत होतं. छातीतलं काहीतरी दमून निवांत झाल्यासारखं वाटत होतं. अंगात गारवा होता, पण चूल पेटवावी असंही वाटेना.

साडेबाराला ती आली. खिडकीला नाक लावून, दोन्ही हातांचे आडोसे करून आत बघायला लागली. थंडीने तिचे गाल लाल झाले होते. तिच्या तोंडापुढची काच पांढरी झाली. तिने बाहीने पुसली. ती पुन्हा पांढरी झाली. मागे गल्लीतून जाणाऱ्या लोकांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. पाववाल्याच्या, शाळेतून येणाऱ्या पोरांच्या, एका कुत्र्याच्यासुद्धा.

नेव्हियो उठून काचेशी गेला. दोघांच्या चेहऱ्यांमध्ये फक्त काच होती. "ओंदिना," तो म्हणाला. आतली बाजू स्वच्छच राहिली.

ती आत बघतच होती. नजर त्याच्यावर न थांबता त्याच्या खांद्यावरून खुर्चीकडे गेली, फळीकडे गेली, परत आली.

तो आणखी जवळ गेला. ओठ काचेला जवळजवळ टेकवून त्याने तोंड उघडलं आणि छातीत होती नव्हती तेवढी हवा सोडली. काच कोरडी. त्याने पुन्हा सोडली. काही नाही.

मग त्याने मान वळवून फळीकडे पाहिलं. क्यूच्या मुठीवर पांढरं विरत होतं. तो बघत होता तोवर पुरतं विरलं. त्याने श्वास सोडला. मुठीवर पांढरं आलं.

"नेव्हियो?" बाहेरून ओंदिनाने हाक मारली. "आहेस ना रे आत?"

"येऊ नको," तो म्हणाला. मुठीवर एक लहानसा, धुरकट ठिपका उमटला आणि गेला.

तिने पर्समधून किल्ली काढली आणि कुलपात घातली.